शुक्रवारी मोडा, सोमवारी उभं करा: व्हेग्रंट आणि अ‍ॅन्सिबलवरचं डेव्हलपमेंट मशीन

एका छोट्या ग्रंथालयासाठी आम्ही तिघं मिळून एक सॉफ्टवेअर लिहीत होतो. माझ्या लॅपटॉपवर सभासदांच्या यादीत क्षीरसागर सगळ्यात शेवटी, हळब्यांच्याही खाली येत. मराठी वर्णमालेप्रमाणे त्यांची जागा तीच. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तेच क्षीरसागर कोल्हटकर आणि खरे यांच्या मधे बसलेले. तिसऱ्याची तऱ्हाच वेगळी. पुस्तकाचं नाव जरा लांब झालं की त्याचा डेटाबेस 'व्हॅल्यू टू लाँग' म्हणून ते परत पाठवायचा. कोड तिघांकडे एकच होता, गिटवरचा (कोडचे बदल नोंदवून ठेवणारं साधन) शेवटचा कमिट, म्हणजे नोंदवलेला बदलही एकच.

दोन संध्याकाळी खर्ची पडल्यावर उलगडा झाला. माझ्याकडची यादी बरोबर लागत होती, कारण काही महिन्यांपूर्वी मी पोस्टग्रेसच्या, म्हणजे आमच्या डेटाबेसच्या, त्या कॉलमला हाताने मराठी कोलेशन (अक्षरांच्या क्रमवारीचा नियम) लावलं होतं आणि ते साफ विसरलो होतो. दुसऱ्याकडे यादी युनिकोडच्या क्रमांकांनुसार लागत होती. तिथे 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, त्यामुळे तो 'को'च्या नंतर आणि 'ख'च्या आधी येणारच. तिसऱ्याच्या मशीनवर पोस्टग्रेस टाकताना लोकेलच (भाषा आणि प्रदेशाचं सेटिंग) ठरलेलं नव्हतं, म्हणून डेटाबेसचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत, 'एसक्यूएल_आस्की' झालं. असा डेटाबेस अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. 'नमस्कार' ही आपल्या लेखी ७ चिन्हं, त्याच्या लेखी २१. साठाची मर्यादा घातलेला कॉलम विसाव्या चिन्हालाच भरायचा.

त्या दिवशी ठरवलं की मशीनवर हाताने काहीही करायचं नाही. जे करायचं ते एका फाइलीत लिहायचं, ती फाइल गिटमध्ये ठेवायची आणि मशीन त्या फाइलीवरून आपोआप घडवायचं. मशीन कधीही पुसून टाकता आलं पाहिजे. पुसताना पोटात गोळा येत असेल, तर काहीतरी अजून फाइलीत उतरायचं राहिलंय असं समजावं. पुढची सगळी मांडणी याच कसोटीवर केली आहे.

एक खुलासा आधीच करतो. आज्ञा आणि सेटिंगं इथे फोनवरून सांगावीत तशी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीतच, आणि बहुतेक सगळी लहान लिपीतल्या अक्षरांत करायची.

कोणती हत्यारं, आणि का

तीन गोष्टी लागतात. प्रत्यक्ष व्हर्च्युअल मशीन चालवतो तो व्हर्च्युअलबॉक्स. त्याला 'असं मशीन बनव' असं एका फाइलीतून सांगतो तो व्हेग्रंट. आणि मशीन तयार झालं की आत शिरून सॉफ्टवेअर टाकतो, सेटिंगं लावतो तो अ‍ॅन्सिबल. या शेवटच्या कामाला प्रोव्हिजनिंग म्हणतात. लग्नघराशी तुलना करायची तर व्हर्च्युअलबॉक्स हा हॉल, व्हेग्रंट हा तो बुक करणारा काका आणि अ‍ॅन्सिबल हा यादी हातात घेऊन फिरणारा आचारी.

यांचे मालक इतके बदललेत की वंशावळ काढावी. व्हर्च्युअलबॉक्स मूळचा इनोटेक या जर्मन कंपनीचा. २००८ मध्ये तो सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेला आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे. व्हेग्रंट मिचेल हाशिमोटोने २०१० मध्ये आणला, पुढे त्याभोवती हाशिकॉर्प ही कंपनी उभी राहिली. अ‍ॅन्सिबल २०१२ चा, मायकेल डीहानचा. तो २०१५ मध्ये रेड हॅटने घेतला. मग आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट आणि २०२५ मध्ये हाशिकॉर्प विकत घेतली, त्यामुळे आज व्हेग्रंट आणि अ‍ॅन्सिबल एकाच छपराखाली आहेत.

हे सांगतोय ते गंमत म्हणून नाही, परवान्यांसाठी. ऑगस्ट २०२३ मध्ये हाशिकॉर्पने आपल्या उत्पादनांचा परवाना बदलून बिझनेस सोर्स लायसन्स आणला. स्वतःच्या डेव्हलपमेंटसाठी व्हेग्रंट वापरायला त्याने काही आडकाठी येत नाही, पण काटेकोर अर्थाने तो आता ओपन सोर्स नाही. याचा एक परिणाम तुम्हाला थेट जाणवेल. उबंटू या लिनक्सची कॅनॉनिकल कंपनी पूर्वी स्वतःचे अधिकृत व्हेग्रंट बॉक्स, म्हणजे तयार मशीनचे साचे, देत असे, ते २४.०४ पासून बंद झाले. म्हणून पुढे 'बेंटो' या नावाखालचा बॉक्स वापरणार आहोत. व्हर्च्युअलबॉक्स उतरवून घेताना शेजारी 'एक्स्टेन्शन पॅक' दिसेल. तो वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरता फुकट आहे, कंपनीत वापरायचा तर परवाना लागतो. आपल्या कामाला तो लागतच नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर उगाच टाकू नका.

मग आख्ख्या मशीनऐवजी फक्त अ‍ॅप डब्यात बंद करून चालवणारा डॉकर का नको? पुष्कळदा डॉकरच बरा. पण आमचं सॉफ्टवेअर शेवटी एका भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर चालणार होतं. तिथे सर्व्हिसेस सांभाळणारा सिस्टिमडी आहे, एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर आहे, फायरवॉल आहे, ठरल्या वेळी कामं चालवणारं रात्रीचं क्रॉन आहे. तसंच्या तसं मशीन घरी हवं असेल तर आख्खं व्हर्च्युअल मशीनच सरळ पडतं. शिवाय तीच अ‍ॅन्सिबलची फाइल पुढे खऱ्या सर्व्हरवरही चालते. माझ्या मते या खटाटोपाचा सर्वात मोठा फायदा तोच.

आधी लॅपटॉपची तयारी

रॅम किमान ८ जीबी हवी, १६ असेल तर सुख. डिस्कवर २० ते ३० जीबी मोकळी ठेवा.

प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय चालू आहे का ते बघा. इंटेलवर तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीवर एएमडी-व्ही किंवा एसव्हीएम. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर जा, तिथे 'व्हर्च्युअलायझेशन'समोर 'एनेबल्ड' दिसलं पाहिजे. नसेल तर लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ती चालू करावी लागेल.

विंडोजवर आणखी एक भानगड आहे. डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमधला लिनक्स), डॉकर डेस्कटॉप किंवा 'कोअर आयसोलेशन'मधलं 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असेल, तर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपर-व्ही आधीच प्रोसेसरवर ठाण मांडून बसलेला असतो. व्हर्च्युअलबॉक्स मग त्याच्या खांद्यावर बसून चालतो, पण रडतखडत. ओळखायची खूण म्हणजे मशीनच्या खिडकीत खालच्या पट्टीवर दिसणारं हिरवं कासव. कासव दिसूनही वेग सुसह्य वाटत असेल तर तसंच चालू द्या. नसेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर 'बीसीडीएडिट /सेट हायपरव्हायझरलाँचटाइप ऑफ' ही आज्ञा देऊन मशीन रीस्टार्ट करा. त्यानंतर डब्ल्यूएसएल-२ आणि डॉकर चालणार नाहीत. ते परत हवे झाले की शेवटी 'ऑफ'च्या जागी 'ऑटो' लिहून तीच आज्ञा द्यायची.

अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या चिपवाल्यांनी व्हर्च्युअलबॉक्स ७.१ किंवा त्यापुढचा घ्यावा. त्यात एआरएम चिपवर एआरएमचे गेस्ट, म्हणजे आतली व्हर्च्युअल मशीनं, चालवता येतात. इंटेलसाठी बनवलेला बॉक्स तिथे चालत नाही. बेंटोचे बॉक्स दोन्ही प्रकारांत मिळतात आणि व्हेग्रंट २.४ पासून योग्य तो आपोआप निवडला जातो.

सगळं टाकून झालं की टर्मिनलमध्ये 'व्हेग्रंट --व्हर्जन' द्या. आकडा दिसला की पुढे चला.

व्हेग्रंटफाइल

प्रोजेक्टच्या मुळाशी 'व्हेग्रंटफाइल' नावाची फाइल बनवायची, पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं, पुढे कसलंही एक्स्टेन्शन नाही. 'व्हेग्रंट इनिट' दिलंत तर तयार फाइल मिळते, पण तिच्यात टिपांचाच एवढा पालापाचोळा असतो की मी कोऱ्या फाइलीपासूनच सुरुवात करतो. फाइल रुबी भाषेत असते. रुबी येत नसली तरी अडत नाही, 'हे बरोबर ते' एवढंच लिहायचं असतं.

पहिली ओळ बॉक्सची. 'कॉन्फिग.व्हीएम.बॉक्स' या नावापुढे 'बेंटो/उबंटू-२४.०४'. बॉक्स म्हणजे आधीच उबंटू टाकून गोठवून ठेवलेली डिस्क. लगेच खाली 'कॉन्फिग.व्हीएम.बॉक्स_व्हर्जन' लिहून नेमकी आवृत्ती बांधून टाका. ही ओळ बहुतेक जण गाळतात. मग जूनमध्ये आलेल्याकडे एक बॉक्स असतो आणि डिसेंबरमध्ये आलेल्याकडे दुसरा, म्हणजे आपण ज्यातून सुटू पाहत होतो तोच घोळ मागच्या दाराने आत येतो.

दुसरं नेटवर्क. दोन रस्ते आहेत. 'फॉरवर्डेड_पोर्ट' वापरून मशीनमधलं ८० नंबरचं पोर्ट लॅपटॉपच्या ८०८० वर आणता येतं. किंवा 'प्रायव्हेट_नेटवर्क' लिहून मशीनला स्वतःचा पत्ता देता येतो, उदाहरणार्थ १९२.१६८.५६.१०. मी पत्ता देतो, कारण मग पोर्टांची मारामारी होत नाही. पत्ता १९२.१६८.५६ या घरातलाच ठेवा. मॅक आणि लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून होस्ट-ओन्ली, म्हणजे लॅपटॉप आणि मशीन यांच्यापुरत्या, नेटवर्कला ठरावीक पट्टाच मोकळा आहे, त्याबाहेर गेलात की मशीन उभंच राहत नाही. इतरत्र १९२.१६८.३३ ने सुरू होणारे पत्ते उतरवून घेऊन फसलेले लोक मी बरेच पाहिलेत.

पोर्टच फॉरवर्ड करणार असाल तर त्याच ओळीत 'होस्ट_आयपी' म्हणून १२७.०.०.१ जरूर लिहा. ते लिहिलं नाही तर पोर्ट लॅपटॉपच्या प्रत्येक नेटवर्कवर उघडं पडतं, आणि कॅफेच्या वायफायवर शेजारच्या टेबलालाही तुमचा अर्धवट अ‍ॅडमिन पॅनेल दिसू शकतो.

तिसरं मशीनचा आकार. 'कॉन्फिग.व्हीएम.प्रोव्हायडर' या ब्लॉकमध्ये व्हर्च्युअलबॉक्ससाठी 'मेमरी' २०४८ आणि 'सीपीयूज' २. लॅपटॉपची रॅम ८ जीबीच असेल तर यापेक्षा हात सैल सोडू नका. ब्राउझरही त्याच रॅमवर पोट भरतो.

एवढं झालं की 'व्हेग्रंट व्हॅलिडेट' देऊन फाइल तपासा आणि मग 'व्हेग्रंट अप'. पहिल्यांदा बॉक्स उतरायला वेळ लागेल, तो काहीशे एमबीचा असतो. नंतरच्या प्रत्येक मशीनला तीच प्रत वापरली जाते. मशीन चालू होतं, व्हेग्रंट सर्वांना माहीत असलेली सुरुवातीची एसएसएच किल्ली (टर्मिनलमधून मशीनमध्ये शिरण्याची) काढून तुमच्यापुरती नवी बसवतो आणि प्रोजेक्टचा फोल्डर मशीनच्या आत '/व्हेग्रंट' या जागी जोडून देतो. 'व्हेग्रंट एसएसएच' दिलं की तुम्ही आत.

आत गेल्यावर हात शिवशिवतात. एखादं 'अ‍ॅप्ट इन्स्टॉल' (उबंटूवर सॉफ्टवेअर टाकायची आज्ञा) मारून टाकावंसं वाटतं. प्रयोग म्हणून खुशाल करा. पण जमलं की ते फाइलीत लिहा आणि मशीन पुसा.

अ‍ॅन्सिबल: इथे घाई नको

व्हेग्रंट साध्या शेल स्क्रिप्टनेही प्रोव्हिजनिंग करतो. पाचसहा ओळींचं काम असेल तर तेच करा. अडचण दुसऱ्या वेळी येते. स्क्रिप्ट पुन्हा चालवली की 'यूजर आधीच आहे' म्हणून थांबते, किंवा त्याहून वाईट म्हणजे कॉन्फिग फाइलीत तीच ओळ दुसऱ्यांदा चिकटवते. अ‍ॅन्सिबलला आपण कृती सांगत नाही, स्थिती सांगतो: 'हे पॅकेज असलेलं हवं', 'ही सर्व्हिस चालू हवी'. आधीच तसं असेल तर तो हात लावत नाही.

व्हेग्रंटमध्ये अ‍ॅन्सिबल दोन प्रकारे जोडता येतो. 'अ‍ॅन्सिबल' लिहिलंत तर तो तुमच्या लॅपटॉपवरून चालतो, आणि विंडोजवरून तो तसा चालत नाही. 'अ‍ॅन्सिबल_लोकल' लिहिलंत तर तो व्हर्च्युअल मशीनच्या आत टाकला जातो आणि तिथूनच चालतो. गटात एक जरी विंडोजवाला असेल तर दुसराच प्रकार घ्या. 'प्लेबुक' म्हणून 'प्रोव्हिजन/साइट.वायएमएल' एवढा पत्ता द्यायचा. अ‍ॅन्सिबल टाकण्याची पद्धत व्हेग्रंटवरच सोडा. पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या 'पिप'ने टाकायला गेलात तर उबंटू २४.०४ 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणत अडवतो.

आता प्लेबुक, म्हणजे अ‍ॅन्सिबलला द्यायची कामांची यादी. ती वायएमएल फाइल असते. त्यात टॅब चालत नाही, दोन-दोन स्पेसचीच शिस्त. वर 'होस्ट्स: ऑल' आणि 'बिकम: ट्रू', म्हणजे सगळं रूट या सर्वाधिकारी यूजरच्या नावाने करायचं. खाली कामांची यादी. इथे क्रमालाच सगळं महत्त्व आहे. आमच्या तिसऱ्या गड्याचा डेटाबेस बिघडला तो क्रमामुळेच.

पहिलं काम लोकेलचं. 'लोकेल_जेन' मॉड्यूलने (मॉड्यूल म्हणजे अ‍ॅन्सिबलचं एकेका कामाचं तयार हत्यार) 'ईएन_आयएन' तयार करून घ्या, त्याचं एन्कोडिंग यूटीएफ-८च असतं, आणि '/ईटीसी/डीफॉल्ट/लोकेल' या फाइलीत 'लँग' म्हणून तेच लिहा. पोस्टग्रेस टाकताना त्या क्षणी जे लोकेल असेल त्यावरून त्याच्या क्लस्टरचं, म्हणजे सगळ्या डेटाबेसांच्या संचाचं, एन्कोडिंग ठरतं, म्हणून हे पोस्टग्रेसच्या आधीच. त्यापाठोपाठ 'टाइमझोन' मॉड्यूलने 'एशिया/कोलकाता' लावा, नाहीतर लॉगमधल्या वेळा साडेपाच तास मागे दिसतील आणि तुम्ही भलत्याच दुपारचा बग शोधत बसाल. सर्व्हरवर यूटीसीच ठेवणार असाल तर इथेही यूटीसीच ठेवा. मुद्दा दोन्हीकडे एकच वेळ असण्याचा.

दुसरं काम पॅकेजांचं. 'अ‍ॅप्ट' मॉड्यूलला एकाच यादीत सगळी नावं द्या: पोस्टग्रेसक्यूएल, एन्जिनएक्स, पायथन३-व्हेन्व्ह, पायथन३-सायकोपीजी२ आणि एसीएल. 'अपडेट_कॅश' चालू ठेवा. शेवटची दोन नावं अनोळखी वाटतील. सायकोपीजी२ नसेल तर अ‍ॅन्सिबलला पोस्टग्रेसशी बोलताच येत नाही. एसीएल नसेल तर रूट नसलेला यूजर पोस्टग्रेस यूजरचं सोंग घ्यायला जातो तेव्हा तात्पुरत्या फाइलींच्या परवानगीवरून एक लांबलचक लाल एरर येते, आणि एसीएल टाका असं ती सरळ सांगत नाही. माझी एक रात्र तिने खाल्ली आहे.

याच कामात कधीकधी '/व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड' या फाइलीचं कुलूप मिळत नाही अशी तक्रार येते. मशीन सुरू झाल्या झाल्या उबंटूचं आपोआप अपडेट मागे चालू असतं, म्हणून. 'अ‍ॅप्ट' मॉड्यूलला 'लॉक_टाइमआउट' ३०० सेकंद द्या, तो निमूट वाट बघतो.

तिसरं काम डेटाबेसचं, आणि इथे काहीही गृहीत धरू नका. 'बिकम_यूजर: पोस्टग्रेस' करून आधी 'पोस्टग्रेसक्यूएल_यूजर'ने यूजर बनवा. मग 'पोस्टग्रेसक्यूएल_डीबी'ने डेटाबेस बनवा, आणि त्यात मालक, 'एन्कोडिंग: यूटीएफ८' आणि 'टेम्प्लेट: टेम्प्लेट०' हे तिन्ही स्पष्ट लिहा. टेम्प्लेट० का? नेहमीच्या टेम्प्लेट१ पेक्षा वेगळं एन्कोडिंग किंवा लोकेल हवं असेल तर पोस्टग्रेस तिथून प्रत काढू देत नाही. लोकेल आधीच नीट लागलं असेल तर या ओळीवाचून निभेल, पण पट्टा आणि गॅलिस दोन्ही असलेलं बरं.

मराठी कोलेशन मात्र प्लेबुकमध्ये नको. ते अ‍ॅपच्या मायग्रेशनमध्ये, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलीत हवं. आमचं अ‍ॅप जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये आहे. जँगो ३.२ पासून मॉडेलच्या फील्डला 'डीबी_कोलेशन' देता येतं, तिथे 'एमआर-एक्स-आयसीयू' लिहिलं. ही क्रमवारी आयसीयू लायब्ररीतून येते. तिच्यात ळ, क्ष आणि ज्ञ आपल्या वर्णमालेप्रमाणे ह च्या पुढे लागतात. एसक्यूएल_आस्की डेटाबेसवर आयसीयू कोलेशन चालतच नाहीत, म्हणजे एन्कोडिंग पुन्हा कुणाकडे बिघडलं तर मायग्रेशनच अडेल. गुपचूप चुकीची यादी दाखवण्यापेक्षा ते परवडलं. मी हाताने केलेला आणि विसरलेला तो बदल आता गिटमध्ये आहे.

चौथं काम अ‍ॅपच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं, म्हणजे त्याच्या पायथन पॅकेजांच्या वेगळ्या कप्प्याचं. ते '/होम/व्हेग्रंट/व्हेन्व्ह' इथे बनवा, '/व्हेग्रंट'च्या आत नको. कारण लगेच खाली येतं. 'पिप' मॉड्यूलला रिक्वायरमेंट्सची फाइल, हा पत्ता आणि 'व्हर्च्युअलएन्व्ह_कमांड' म्हणून 'पायथन३ -एम व्हेन्व्ह' दिलं की झालं. हे काम 'व्हेग्रंट' यूजर म्हणून करा, नाहीतर सगळ्या फाइलींची मालकी रूटकडे जाईल.

पाचवं एन्जिनएक्सचं. कॉन्फिग फाइल 'टेम्प्लेट' मॉड्यूलने टाकायची आणि 'नोटिफाय' लिहून 'हँडलर'ला कळवायचं. हँडलर म्हणजे फाइल खरोखर बदलली तरच एन्जिनएक्स रीलोड करणारा माणूस. डेव्हलपमेंटच्या कॉन्फिगमध्ये 'सेंडफाइल ऑफ' जरूर लिहा. व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमध्ये एक जुना दोष आहे. त्याने सीएसएस बदलूनही जुनीच दिसते किंवा फाइलीच्या शेवटी कचरा येतो. ब्राउझरचा कॅश पुसपुसून माणूस वेडा होतो.

शेवटचं काम तपासणीचं. 'यूआरआय' मॉड्यूलने 'लोकलहोस्ट'वरचं एखादं पान मागवा आणि उत्तर २०० असलंच पाहिजे अशी अट घाला. प्रोव्हिजनिंग यशस्वी झालं की नाही हे मग अ‍ॅन्सिबलच सांगतो, डोळ्यांनी बघायला नको.

शेअर्ड फोल्डरची दुखणी

तुम्ही लॅपटॉपवरच्या एडिटरमध्ये लिहिता आणि कोड मशीनमध्ये चालतो, हे सगळं '/व्हेग्रंट'च्या जोरावर. ही सोय छान आहे, पण खऱ्या डिस्कइतकी ती चपळ नाही. हजारो छोट्या फाइली असलेले फोल्डर, म्हणजे व्हेन्व्ह आणि नोड_मॉड्यूल्स, तिच्यावर ठेवलेत तर सगळं जड होतं. शिवाय विंडोज होस्टवर, म्हणजे बाहेरच्या लॅपटॉपवर, सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारा दुवा) बनवायला जादा परवानगी लागते आणि ती नसली की इन्स्टॉल अर्ध्यावर मोडतं.

दुसरं दुखणं फाइल बदलल्याची खबर न मिळण्याचं. तुम्ही लॅपटॉपवर सेव्ह करता तेव्हा मशीनमधल्या लिनक्सला त्याची सूचना जात नाही. जँगोचा नेहमीचा रीलोडर दर सेकंदाला फाइलींची वेळ स्वतःच तपासतो, त्यामुळे तो चालतो. वीट किंवा वेबपॅक या ब्राउझरकडचा कोड बांधणाऱ्या साधनांना मात्र 'पोलिंग', म्हणजे असंच थोड्या थोड्या वेळाने तपासणं, चालू करायला सांगावं लागतं.

तिसरं, विंडोजच्या ओळीच्या शेवटाचं. तिथे लिनक्सपेक्षा एक चिन्ह जास्त असतं. शेल प्रोव्हिजनरला दिलेली मुख्य स्क्रिप्ट व्हेग्रंट स्वतः सुधारून घेतो. पण त्या स्क्रिप्टने '/व्हेग्रंट'मधली दुसरी स्क्रिप्ट हाक मारून बोलावली तर तिची कुणी काळजी घेत नाही, आणि 'बॅड इंटरप्रिटर' अशी एरर येते, जिच्यात 'बॅश'च्या पुढे वर टोक काढलेलं चिन्ह आणि एम दिसतो. उपाय गिटमध्ये आहे: '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइलीत सर्व 'एसएच' फाइलींसाठी 'ईओएल=एलएफ' लिहा.

अ‍ॅन्सिबलची स्वतःची 'अ‍ॅन्सिबल.सीएफजी' फाइल प्रोजेक्टमध्ये असूनही लागू होत नसेल, तर तेही याच फोल्डरमुळे. कुणालाही लिहिता येईल अशा फोल्डरमधली ही फाइल अ‍ॅन्सिबल सुरक्षेसाठी वाचत नाही. व्हेग्रंटफाइलमध्ये 'सिंक्ड_फोल्डर'च्या ओळीत 'माउंट_ऑप्शन्स' म्हणून 'डीमोड=७७५' आणि 'एफमोड=६६४' द्या.

आणि पान दिसतच नसेल तर पहिली शंका सर्व्हर कुठे ऐकतोय याची घ्या. मशीनच्या आत '१२७.०.०.१:८०००' वर चालवलेला जँगो फक्त मशीनच्या आतच दिसतो. '०.०.०.०:८०००' द्या, आणि 'अलाउड_होस्ट्स'मध्ये मशीनचा पत्ता घाला.

मोडून बघा

प्रोव्हिजनिंग आपोआप होतं ते फक्त पहिल्या 'अप'ला. नंतर प्लेबुक बदललं की 'व्हेग्रंट प्रोव्हिजन' द्यायचं. व्हेग्रंटफाइलमधली रॅम किंवा नेटवर्क बदललं तर 'व्हेग्रंट रीलोड --प्रोव्हिजन'. हे न कळल्याने 'मी बदल केला पण झालाच नाही' ही तक्रार सर्वात जास्त वेळा येते.

पहिली चाचणी म्हणजे प्लेबुक लागोपाठ दोनदा चालवा. शेवटच्या 'प्ले रीकॅप' ओळीत दुसऱ्या वेळी 'चेंज्ड=०' आलं पाहिजे. नाही आलं तर कोणतं काम दर वेळी पिवळं होतंय ते बघा. बहुधा ते 'शेल' किंवा 'कमांड' मॉड्यूलचं असतं, कारण आत काय झालं हे अ‍ॅन्सिबलला समजत नाही. तिथे 'क्रिएट्स' लिहून 'ही फाइल असेल तर सोड' असं सांगा, किंवा त्या कामासाठी खास मॉड्यूल आहे का ते शोधा.

दुसरी चाचणी खरी. 'व्हेग्रंट डिस्ट्रॉय -एफ'. मशीन गेलं. 'व्हेग्रंट अप'. चहा टाका. परत आल्यावर पान दिसलं, यादीत क्षीरसागर शेवटी असले, तर पास. आम्ही हे दर शुक्रवारी संध्याकाळी करतो, आलटून पालटून एकाच्या लॅपटॉपवर. पहिल्या तीन शुक्रवारी तिन्ही वेळा नापास झालो. एकदा पासवर्ड आणि सेटिंगांची '.एन्व्ह' फाइल माझ्याकडेच होती, एकदा एक पॅकेज मी प्रयोगात हाताने टाकून विसरलो होतो, आणि एकदा क्रॉनची ओळ. म्हणजे तोपर्यंत आम्ही समजत होतो तसं काहीच नव्हतं.

'.एन्व्ह'चं आता असं केलंय: गिटमध्ये खोट्या पासवर्डांची '.एन्व्ह.एक्झाम्पल' आहे, प्लेबुक मूळ फाइल नसेल तेव्हाच तिची प्रत करतं. 'कॉपी' मॉड्यूलला 'फोर्स: फॉल्स' दिलं की एवढं होतं. '.व्हेग्रंट' नावाचा फोल्डर मात्र '.गिटइग्नोर'मध्येच हवा, त्यात तुमच्या मशीनची ओळख आणि किल्ली असते.

राहता राहिला डेटा. मशीन पुसलं की त्यातला डेटाबेसही जातो. चाचणीचा डेटा फिक्स्चर, म्हणजे नमुना डेटाची फाइल, म्हणून गिटमध्ये ठेवा आणि प्लेबुककडून भरून घ्या. हाताने भरलेला काही डेटा वाचवायचाच असेल तर व्हेग्रंटचा ट्रिगर वापरा: 'कॉन्फिग.ट्रिगर.बिफोर' मध्ये 'डिस्ट्रॉय' लिहून 'रन_रिमोट'ने डेटाबेसची प्रत काढणारा 'पीजी_डंप' चालवा आणि फाइल '/व्हेग्रंट'मध्ये टाका. डंप फसला तर पुसणंही थांबतं. मशीन बंद असताना पुसायला गेलात तरी ते अडेल, त्याने गोंधळून जाऊ नका, आधी 'अप' करा.

मोठा बदल करण्याआधी 'व्हेग्रंट स्नॅपशॉट सेव्ह' आणि एखादं नाव देऊन ठेवलं तर 'स्नॅपशॉट रिस्टोर'ने क्षणात मागे जाता येतं. मी मायग्रेशन लिहिताना वापरतो. पण आठवडाभर स्नॅपशॉटवर जगू नका, शुक्रवारची चाचणी चुकवायचा तो राजमार्ग आहे.

रोजचं

सकाळी 'अप', संध्याकाळी 'हॉल्ट'. दुपारपुरतं थांबायचं असेल तर 'सस्पेंड' आणि 'रिझ्युम'. लॅपटॉप नुसता मिटून झोपवलात तर मशीनचं घड्याळ कधीकधी मागे राहतं आणि अ‍ॅप्ट 'रिलीज फाइल अजून वैध नाही' असं विचित्र बोलू लागतो. 'व्हेग्रंट रीलोड' केलं की ताळ्यावर येतं. वीज जाऊन डेस्कटॉप अचानक बंद पडला तर पोस्टग्रेस पुढच्या वेळी स्वतःला सावरून घेतो. मशीनच उठलं नाही तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, पुसून नवं करा.

नवा सहकारी आला आणि त्याच्याकडे इंटरनेट मोबाइलचंच असेल, तर 'व्हेग्रंट पॅकेज' देऊन तुमच्या तयार मशीनचा बॉक्स बनवता येतो आणि पेनड्राइव्हने नेता येतो. त्याने 'व्हेग्रंट बॉक्स अ‍ॅड' करायचं. आतला खरा डेटा आणि पासवर्ड आधी काढून टाका, आणि त्याच्या मशीनवरही 'प्रोव्हिजन' एकदा चालवाच.

डिस्क भरत चालली असं वाटलं तर 'व्हेग्रंट ग्लोबल-स्टेटस --प्रून' द्या. कुठल्या विसरलेल्या फोल्डरमध्ये कोणतं मशीन पडून आहे ते कळतं. आवृत्ती पुढे नेल्यावर जुने बॉक्स तसेच राहतात, त्यांना 'व्हेग्रंट बॉक्स प्रून'. माझ्याकडे पहिल्यांदा हे चालवलं तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या प्रोजेक्टची चार मशीनं निघाली. त्यातल्या एकाही प्रोजेक्टची व्हेग्रंटफाइल आता कुठेच नव्हती, म्हणून ती पुसायचं धाडस अजून झालेलं नाही.